गुरुवारचे दोन तास

सिस्टर पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तेव्हा त्यांनी बाबांकडे पाहिलंसुद्धा नाही.

आजारी माणूस असलेल्या घरात असं कुणी करत नाही. बघायला आलेला माणूस चपला काढतो, सरळ खाटेपाशी जातो, मोठ्याने विचारतो, "काय, ओळखलंत का?" आणि मग माझ्याकडे वळून सांगतो की अमक्यालाही असंच झालं होतं, तमक्या गावच्या तेलाने तो चालायला लागला. सिस्टर मात्र दारातच वाकून पायांतल्या पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांच्या नाड्या सोडवत राहिल्या. सुती साडी आणि खाली ते शाळकरी बूट. नाड्या सुटल्यावर मान वर करून म्हणाल्या, "तू शेवटची कधी जेवलीस?"

"आत्ताच."

"काय जेवलीस?"

मला सांगता येईना.

"बरं. आता बाहेर जा. चार वाजता ये."

मला वाटलं, बाबांना तपासायचं असेल. तसं म्हटल्यावर त्या वैतागल्या. "मी डॉक्टर नाही. दोन तास इथे बसायला आलेय. तू गेलीस तरच बसेन."

त्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स होत्या. मूळच्या नगरकडच्या, नोकरीनिमित्त महाडला आल्या आणि राहिल्या. दोन खोल्या, एकट्या. ख्रिस्ती होत्या. महाडात त्यांच्या मंडळीची, म्हणजे चर्चच्या माणसांची, दोन-चार घरं, रविवारी कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत उपासना. बाबांच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा पहिले काही दिवस आम्ही महाडच्या एका दवाखान्यात होतो. तिथे त्या दुसऱ्याच कुणासाठी आल्या होत्या आणि मला स्टुलावर बसल्याबसल्या झोपलेली पाहून गेल्या होत्या. गावाचं नाव विचारून ठेवलं. एवढीच ओळख.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. आई मी कॉलेजात असतानाच गेली. दादा मुंबईला, त्याची बायको, लहान मुलगी, नोकरी. पुण्यात मलाही नोकरी होती, नवीन. बाबांजवळ कोणी राहायचं हे कुणी ठरवलं नाही, मला कुणी विचारलंही नाही. पंधरा दिवसांची रजा घेऊन मी आले आणि अडीच वर्षं राहिले. महाडपासून रायगडच्या रस्त्याला आमचं गाव. माझी शाळा महाडातली, इंग्रजी माध्यमाची. गावातल्या मुली मला लहानपणापासून जरा लांबच ठेवायच्या. मीही लांब राहायला शिकले होते. अवघड काही बोलायची वेळ आली की मला दोन्ही भाषांत शब्द सापडत नाहीत.

त्या पहिल्या गुरुवारी मी घराच्या मागे गेले आणि रिकाम्या गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी राहिले. अर्ध्या तासाने परत आले तर दाराला आतून कडी.

"कोण?"

"मी."

"अजून एक तास बावीस मिनिटं आहेत."

"सिस्टर, मला कुठे जायचंच नाहीये."

"मग कुठेच जाऊ नकोस. पण बाहेर."

आतून बाबांचा आवाज आला. बाबांना दोनच आवाज उरले होते, 'आ' आणि 'ना'. हा 'आ' होता. बऱ्याच दिवसांनी त्यात जरा गंमत होती असं मला वाटलं.

मी रस्त्यावर आले. समोरून एसटी आली, तिला हात केला. महाडच्या स्टँडवर उतरले आणि एका बाकावर बसले. पुढच्या सगळ्या गुरुवारी मी तिथेच बसले. एसटी स्टँडवर बसलेल्या बाईला कुणी का बसलीस म्हणून विचारत नाही. तिची गाडी यायची आहे असं सगळे धरून चालतात. पोलादपूर, खेड, श्रीवर्धन, बोरिवली. गाड्या लागायच्या, निघायच्या. मी नुसती बघायचे. एकदा वडापाव खाल्ला तर चोरी केल्यासारखं वाटलं.

त्यांचा नियम कडक होता. या दोन तासांत औषधं आणायची नाहीत, बँक नाही, दळण नाही, बाजार नाही. परत आल्यावर त्या माझी पिशवी उघडून बघायच्या. एकदा मी कोथिंबिरीची जुडी घेतली. स्टँडच्या बाहेर बाई बसली होती, ताजी दिसली, घेतली. सिस्टरांनी ती जुडी पिशवीतून दोन बोटांनी उचलली, ओट्यावर ठेवली, बूट चढवले आणि गेल्या. पुढच्या गुरुवारी आल्याच नाहीत. मी दीड वाजल्यापासून दाराकडे बघत होते. चार वाजता बाबांना कुशीवर वळवताना लक्षात आलं की मी रडतेय, आणि ते बाबांसाठी नाही. आठवड्याचे बाकीचे सगळे तास मी त्या दोन तासांच्या आधारावर ढकलत होते. हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्यांच्या बऱ्याच गोष्टी लोकांना विचित्र वाटायच्या. चहा त्या स्वतःचा आणायच्या, थर्मासमध्ये, कपासकट. आमच्याकडचा चहा कधी घेतला नाही. "पाहुणीला चहा करणं हेही कामच," म्हणायच्या. "आजारी एक आणि चहा चाळीस. तुमच्या गावात माणूस बघायला येतात की पातेलं?" हे त्या आल्यागेल्यांसमोरच बोलायच्या. एकदा मी स्टँडवरून परतले तर शेजारची काकू आणखी दोघींना घेऊन बाबांना बघायला आलेली. मला दारात बघताच काकू म्हणाली, "आलीस? चा ठेव गो जरा."

"ती आत्ता आलीय," सिस्टर म्हणाल्या. "बघायला आलात ना तुम्ही? मग ही चादर बघा. भिजवलीय, पिळायचीय. दोघी दोन टोकं धरा."

काकूच्या सोबतच्या दोघी आधी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग हसत हसत चादर पिळायला लागल्या. "आवो, पानी माज्या अंगावर नको," एक ओरडली. काकू मात्र उठली. जाताना मला ऐकू येईल अशा बेताने म्हणाली, "येडी हाय बाय. आनि तुला पन येडी करल."

त्या दोन तासांत सिस्टर बाबांना पेपर वाचून दाखवायच्या, शेवटच्या पानापासून पुढे. क्रिकेटवरून त्यांची भांडणं व्हायची. बाबा 'ना' म्हणायचे आणि सिस्टर म्हणायच्या, "ना काय ना? त्याला खेळवलाच कशाला? सांगा." निधनाच्या बातम्या गाळायच्या. आणि निघताना, बुटाच्या नाड्या बांधता बांधता, डोळे उघडे ठेवून एका वाक्याची प्रार्थना करायच्या. "प्रभू, या पोरीला आज झोप दे. आमेन." बाबांचं नाव त्यात कधीच नसायचं.

मी एकदा धीर करून विचारलं, "बाबांसाठी नाही करत?"

"त्यांच्यासाठी गावभर नवस बोललेत. तुझ्यासाठी कुणी बोललंय?"

त्याच दिवशी त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. धर्माबद्दल त्या माझ्याशी एवढंच बोलल्या. अंगावरून वारं गेलेला एक माणूस होता, त्याला चौघांनी बाजेसकट उचलून येशूकडे आणलं. दारात गर्दी, आत जाता येईना, म्हणून चौघं छपरावर चढले, छप्पर उकललं आणि बाज दोरांनी खाली सोडली. तो माणूस बरा झाला आणि बाज उचलून चालत घरी गेला. "प्रवचनात सगळे त्या माणसाबद्दल बोलतात," सिस्टर म्हणाल्या. "मी लहानपणापासून विचारतेय, ते चौघं कुठे गेले? त्यांचे खांदे? ते अजून छपरावरच असतील, उन्हात. कुणी पाणी तरी विचारलं का त्यांना?" मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि तुझ्याकडे तर चौघं पण नाहीत. चारही कोपरे तूच धरून उभी."

मी बोलत नाही हे त्यांना चालायचं.

शिमग्याला दादा आला. मुंबईची सगळी माणसं येतात तसा, पालखी घरी येणार म्हणून. त्याने चार दिवस बाबांचं सगळं केलं, मनापासून केलं. बाबांची दाढी केली, त्यांना धरून अंगणात बसवलं. मध्ये गुरुवार आला. दोन वाजता सिस्टर फाटकातून आत येताना दिसल्या आणि दादा ओटीवर जाऊन उभा राहिला. काकूने त्याला फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं.

"सिस्टर, तुम्ही बाबांसमोर काय वाचता?"

"पेपर."

"प्रार्थना पण करता म्हणे."

"करते. तुमच्या बहिणीसाठी. एक ओळ."

"हे बघा, तुमचा हेतू चांगला असेल. पण गावात लोक बोलायला लागलेत. उद्या काही भलतंच निघालं तर मी तिकडे मुंबईत, आणि निस्तरायचं हिने एकटीने. आमच्या घरात हे नको."

सिस्टर वाकून नाड्या सोडवत होत्या. त्यांचे हात थांबले. "तिला विचारा," त्या म्हणाल्या.

दादा माझ्याकडे वळला. तो रागावलेला नव्हता. "तू सांग. तुला गरज आहे का यांची?"

कुंपणाजवळ काकू उभी होती. पालखीसाठी आलेली आणखी माणसं होती. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले की मला एकच गोष्ट करता येते. मी म्हटलं, "नाही. मी करते मॅनेज."

सिस्टरांनी सुटलेली नाडी पुन्हा बांधली. संधिवाताने बोटं वाकडी झालेली, त्यामुळे त्यांना वेळ लागायचा. तेवढा सगळा वेळ मी तिथे उभी होते आणि तेवढ्या वेळात मला बोलता आलं असतं. त्या उठल्या, थर्मास काखेत धरला आणि म्हणाल्या, "जेव वेळेवर."

पुढचे सात गुरुवार मी मोजले. दादा परत गेला. रोज रात्री आठला त्याचा फोन यायचा, बाबा कसे आहेत. बाबा बरे आहेत. मग तो ठेवायचा.

आठव्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, बाबा तोंड उघडत नव्हते. पेजेचा चमचा मी तीनदा नेला, तीनदा त्यांनी 'ना' केलं. चौथ्यांदा मी चमचा जोरात आत कोंबला. दातावर आपटला, ओठ फाटला. पेजेत रक्त मिसळलेलं मी बघत राहिले. बाबा ओरडले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्या नजरेत राग असता तर मला चाललं असतं. त्यात भीती होती.

मी ओठ पुसला, बर्फ लावला, हजारदा सॉरी म्हटलं. मग स्वयंपाकघरात गेले आणि स्वतःचा उजवा हात डाव्या हाताने घट्ट धरून बसले, तो परत काही करेल म्हणून. बऱ्याच वेळाने सिस्टरांना फोन लावला. त्यांनी उचलला आणि माझ्या तोंडून शब्दच फुटेना.

"कोण?" त्या म्हणाल्या. थोडा वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "बोलू नकोस. येते."

सोमवार त्यांचा कुडपणचा. पोलादपूरहून वर पठारावर आमच्यासारखंच एक घर होतं, तिथेही त्या अशाच बसायला जायच्या. त्या सोमवारी कुडपण चुकलं. दुपारी त्या आमच्याकडे आल्या. मी बाबांचा ओठ दाखवला. त्यांनी आधी माझा हात हातात घेतला, उलटसुलट बघितला, जखम त्यालाच झाली असावी तसा.

"मी मुद्दाम केलं," मी म्हटलं. "तसं वाटत होतं तेव्हा. दुखवावं असं वाटत होतं."

"हो," त्या म्हणाल्या. "मी माझ्या आईला एकदा ढकललं होतं. अकरा वर्षं केलं तिचं. दर रविवारी उपासनेत तिच्यासाठी प्रार्थना व्हायची, नाव घेऊन. मी मागच्या बाकावर. अकरा वर्षांत माझं नाव एकदाही कुणी घेतलं नाही. वाईट नव्हते ते लोक. कुणाच्या लक्षातच आलं नाही." त्यांनी माझा हात सोडला. "मी ज्या घरांत जाते त्या प्रत्येक घरात असं काहीतरी झालंय. सांगितलं फक्त दोघींनी. एक तू."

मग बाबांच्या खाटेपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "काय हो, दमलीय तुमची पोरगी. माफ करताय ना?" बाबांनी चांगला हात उचलून माझ्या दिशेने ठेवला. मी तो धरला. सिस्टर म्हणाल्या, "झालं. आता बाहेर जा."

स्टँडवरच्या बाकावर बसून मी दादाला मेसेज लिहिला. फोनवर मला जमलं नसतं. चमच्याचं सगळं लिहिलं, काही न लपवता, आणि शेवटी लिहिलं की सिस्टर गुरुवारी येणार आहेत, मला त्यांची गरज आहे, तेव्हा मी खोटं बोलले. खुणा निळ्या झाल्या. उत्तर आलं नाही. रात्री आठला फोन आला आणि दादाने पहिल्यांदाच विचारलं, "तू कशी आहेस?" त्याने परत कधी मोडता घातला नाही. गुरुवार परत सुरू झाले आणि बाबा जाईपर्यंत राहिले.

बाबा थंडीत गेले, झोपेत. दिवसकार्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. नंतर रिकामं झालं. गुरुवारी दोन वाजता मी दाराकडे बघायचे. सिस्टर आल्या नाहीत. त्या कशा येतील? आमच्या घरात आता कुणाच्या उशाशी बसायचं नव्हतं. मला महाडात एका वकिलांच्या ऑफिसात काम मिळालं. सिस्टरांचं घर तिथून दहा मिनिटांवर. मी एकदाही गेले नाही. नुसतं भेटायला जाऊन काय बोलायचं असतं ते मला कधी कळलेलं नाही. एकदा स्टँडवर त्या दिसल्या, बस पकडायच्या घाईत. लांबूनच हात करून ओरडल्या, "जेवलीस?" मी मान हलवली. गाडी सुटली.

त्यानंतर चार महिन्यांनी एका संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. त्यांच्या मंडळीची उपासना चालवणारे पाळक होते. सिस्टर दुपारी गेल्या होत्या, खुर्चीत बसल्याबसल्या. उद्या एक वाजता दफन. "त्यांच्या वहीत नावं आहेत," पाळक म्हणाले. "वाराप्रमाणे. गावं, फोन नंबर आहेत, पण आम्ही यांतलं कुणालाच ओळखत नाही. तुमच्या नावापुढे महाडच्या ऑफिसचं नाव आहे, जवळच्या तुम्हीच. तुम्ही कळवाल का बाकीच्यांना? नाहीतर आम्ही सात-आठ माणसंच असू."

त्यांनी वहीच्या पानांचे फोटो पाठवले. माझं सोडून नऊ नावं होती. एकही नाव आजारी माणसाचं नव्हतं.

मी फोनवर बोलायचं टाळणारी मुलगी. त्या संध्याकाळी नऊ फोन केले. एक ढसाढसा रडली. एकीने मला विचारलं, "तुज्याकडं कवा यायच्या त्या?" आणि मग प्रत्येकीने वेगवेगळ्या शब्दांत तेच सांगितलं. येवसं लय वाटतंय गो. पन ह्यांच्याजवळ कोन बसल?

सिस्टरांवर जीव असलेली सगळी माणसं नेमकी तीच होती, ज्यांना घराबाहेर पडता येत नव्हतं. त्यांना बाहेर काढणारी एकच बाई होती, आणि उद्या दफन तिचंच होतं.

शेवटचा फोन कुडपणच्या वहिनीला होता. चार वर्षं अंथरुणाला खिळलेली सासू, नवरा मुंबईला. "म्या येऊ नाय शकत," ती म्हणाली. "माज्याकडं पाच वर्सं येत व्हत्या. सासू पडायच्या आदी नवऱ्याचा बाप व्हता. त्याचं पन मीच केलं."

त्या सगळ्यांमध्ये मी एकटीच मोकळी होते. मला दफनाला जाता आलं असतं. ऑफिसपासून रिक्षाने पाच मिनिटं. साहेबांना सांगितलं असतं तर त्यांनी दोन तासांची सुट्टी दिली असती. फोन कानाशी धरूनच शिमग्याच्या दिवशीची ती ओटी मी परत डोळ्यांसमोर उभी केली. ज्या बाईला मी सगळ्यांसमोर नको म्हटलं तिला शेवटचं बघावं, हे मला हवं होतं. फार हवं होतं.

"मी येते तुमच्याकडे," मी म्हटलं. "सकाळच्या पहिल्या गाडीने. मी बसते. तुम्ही त्याच गाडीने खाली जा."

"तू कोन? तुजी माजी वळख तरी हाय का?"

"नाही."

"मग तू मातीला नाय जायाची?"

"नाही."

पोलादपूरहून गाडी निघाली तेव्हा धुकं होतं. वर पठारावर पोचेपर्यंत गाडीत मी आणि शाळेतले दोन गुरुजी, एवढेच. गाडी पंधरा मिनिटं थांबते. वहिनी रस्त्याला येऊनच उभी होती, धुतलेली साडी, केसांना तेल. वयाने माझ्या आईएवढी असेल. घराकडे जवळजवळ पळत नेलं मला. घाईघाईने सांगितलं, "दर घंट्याला कूस बदल. पानी चमच्यानं. डाव्या बाजूनं घोट उतरतो, उजवीकडून नाय. माजं नाव घेऊन हाका मारल, तर हो म्हन. आनि रडली तर रडू दे." दारापर्यंत गेली आणि परत आली, सासूचं पांघरूण सारखं केलं, परत गेली, परत आली. ड्रायव्हरने हॉर्न दिला.

"जा," मी म्हटलं. माझ्या आवाजात मी कधी न ऐकलेलं काहीतरी होतं. ती गेली.

म्हातारी हलकी होती, वाळलेल्या पेंढीसारखी. तिने मला दिवसभर सुनेच्या नावाने हाका मारल्या. मी हो म्हटलं. एक वाजता मी घड्याळाकडे बघितलं. खाली महाडात माती पडत असेल. मला एका वाक्याची प्रार्थनाही येत नव्हती. तेवढ्यात म्हातारीला ठसका लागला, तिला उठवून छातीशी धरावं लागलं, पाठ चोळत बसावं लागलं, आणि तो थांबेपर्यंत सव्वा वाजून गेला.

वहिनी संध्याकाळच्या गाडीने आली. चपला दारात टाकून आधी सासूकडे गेली, कपाळाला हात लावला. मग माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि गुडघ्यावर हनुवटी टेकवून म्हणाली, "धा-बारा मानसं व्हती बग. एवडी मोटी बाय, आनि धा-बारा मानसं. मला वाटलं व्हतं, गर्दी आसल."

"नगरहून कुणी आलं?"

"दोगं आलते. भाचा का कोन." तिने स्वतःचा तळहात बघितला. "सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकली. म्या माजी टाकली. मग त्या पाळकाला म्हनलं, आनखी एकीची टाकायची हाय, ती माज्या घरात बसलीय. तुजं नावच म्हाईत नव्हतं गो मला. नाव न घेताच टाकली."

मी माझं नाव सांगितलं. ती ते दोनदा स्वतःशी म्हणाली आणि हात धुवायला उठली.